मेजर आत्याचे रविवार

आत्या, ग्वारीघाटाच्या स्मशानात नोंद करणाऱ्या माणसानं मान वर न करता मला विचारलं, "माताजी के पति फौज में थे?" तुझ्यामागून दोन-तीन म्हातारे छातीवर पदकं लावून चालत आले होते, त्यावरून त्याला तसं वाटलं असावं. मी म्हटलं, "नहीं, ये खुद फौज में थीं।" तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं. "अच्छा, डॉक्टर थीं।" मी म्हटलं, "नर्स थीं। मेजर थीं।" "अच्छा, नर्स," असं म्हणून त्यानं पुढचं नाव पुकारलं.

तू तिथे असतीस तर हसली असतीस. लष्करी कॅन्टीनच्या रांगेत, बँकेत, दवाखान्यात कोणीही "किसकी विधवा हैं आप?" असं विचारलं की तुझं उत्तर ठरलेलं असायचं, "अभी तक तो किसी की नहीं, भैया." समोरचा गोंधळला की तुला मनापासून मजा वाटायची. चिडायचे मी. एकाहत्तरच्या लढाईत तू पूर्वेकडच्या लष्करी इस्पितळात होतीस, जखमी जवानांनी भरलेला वॉर्ड सांभाळलास, आणि या शहरात तुला प्रत्येकानं कोणा न झालेल्या नवऱ्याची बायको समजावं, याचा मला संताप यायचा. तू म्हणायचीस, "तू काहून इतकी तापून राहिली? विचारलं त्याला, सांगितलं आपण. झालं."

तू गेलीस ती सकाळी, व्हरांड्यात, मांडीवर पेपर घेऊन. मी स्वयंपाकघरातून विचारलं, "आत्या, पोह्यांवर लिंबू पिळू का?" तू उत्तर दिलं नाहीस. मी पुन्हा विचारलं. मग बाहेर आले.

आता घरात लोक येऊन राहिलेत, आणि प्रत्येक जण तुझ्याबद्दल तेच ते बोलतो. देशसेवा, त्याग. मला ते ऐकवत नाही. खोटं आहे म्हणून नव्हे, पण त्यात तू कुठे दिसतच नाहीस. मला तर सिव्हिल लाइन्समधला तो सत्कार आठवतो, ज्याच्यावरून आपण दोघी भर रस्त्यात भांडलो होतो.

तो सत्कार माझ्यामुळे ठरला होता, हे तुला तेव्हा माहीत नव्हतं. एकाहत्तरच्या लढाईतल्या जबलपूरच्या वृद्ध सैनिकांचा सन्मान करायचा असं श्रीवास्तवजींच्या समितीनं ठरवलं. मी तुझं नाव घेऊन त्यांच्याकडे गेले तर ते म्हणाले, "माताजी तो बहुत आदरणीय हैं, पर ये लड़ने वालों का कार्यक्रम है।" मी शाळेत इतिहास शिकवते, मला बोलायची सवय आहे. मी त्यांच्यासमोर बसूनच राहिले. लढणारे घायाळ झाले की कोणाकडे जात होते, हे एकदा विचारलं, दोनदा विचारलं. शेवटी ते म्हणाले, "चलो, एक कुर्सी और लगा देंगे।" ती तुझी खुर्ची, आत्या. मंचावरची, डावीकडून शेवटची.

डिसेंबरची थंडी होती. उघड्या मैदानात मंडप, समोरून वारा येऊन राहिलेला, आणि मंचावर तुम्ही सगळे ओळीनं बसलेले. प्रमुख पाहुणे येतच नव्हते. माइकवरून दर थोड्या वेळानं घोषणा व्हायची की ते निघालेत, पोहोचतच आहेत. मी पहिल्या रांगेत मोबाईल तयार ठेवून बसले होते. तुझं नाव पुकारलं जाईल तो क्षण मला हवा होता. खरं सांगायचं तर तुझ्यापेक्षा तो मलाच जास्त हवा होता.

तुझ्या शेजारी पांडेजी बसले होते. गढा मोहल्ल्यातले, निवृत्त हवालदार. तेव्हा आपली त्यांच्याशी ओळखही नव्हती. मी पाहिलं, तू त्यांच्याकडे वाकून काहीतरी विचारलंस. त्यांनी मान हलवली, नाही म्हणाले. तू पुन्हा विचारलंस. मग तू उठलीस आणि श्रीवास्तवजींना जवळ बोलावलंस.

"बाथरूम किधर है?"

"आपको जाना है, माताजी?"

"मुझे नहीं। इन्हें।"

"बस पाँच मिनट, माताजी। गाड़ी गेट पर आ गई है।"

तू श्रीवास्तवजींकडे पाठ फिरवलीस. पांडेजींच्या काखेत हात घातलास, त्यांची काठी दुसऱ्या हातात घेतलीस आणि मंचाच्या पायऱ्या उतरायला लागलीस. ते पाहून पलीकडचे एक सुभेदार उठले. मग त्यांच्या शेजारचे. बिचारे केव्हापासून दाबून बसले होते, कोणाचीच हिंमत होत नव्हती. तुझ्यामागे रांग लागली. प्रमुख पाहुणे हात जोडत मंडपात शिरले, बँड वाजायला लागला, फोटोवाले पुढे धावले, आणि मंचावर नुसत्या खुर्च्या. सत्कारमूर्ती सगळे मंडपामागे.

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तू परत आलीस तेव्हा भाषण सुरू झालं होतं, मग हारांची घाई झाली, आणि तुझ्या वेळी माइक दुसऱ्याच कोणाच्या हातात होता. तुझं नाव कोणीच घेतलं नाही. शाल तुला श्रीवास्तवजींनी निघताना फाटकाशी दिली.

परतताना मी रागानं स्कूटर दामटत होते. कमानिया गेटच्या गर्दीत तू मागून म्हणालीस, "थांबव. खोव्याची जिलबी घ्यायची आहे." माझा तोल तिथेच सुटला. मी म्हटलं, "एकदा, एकदाच तुझं नाव सगळ्यांसमोर घेतलं असतं ना! किती मिनतवाऱ्या केल्या होत्या मी, माहीत आहे?"

"अच्छा, म्हणजे तू लावून राहिली होती वशिला."

"वशिला नाही, हक्क होता तुझा!"

"शुभा, तो माणूस तिथेच ओला व्हायच्या बेतात होता. अन् तू काय माइक माइक करून राहिली?"

"दुसरं कोणी नेलं असतं त्यांना."

"कोण?" तू विचारलंस. नुसतं तेवढंच. जिलबीवाला पुडा हातात धरून आपल्या दोघींकडे पाहत होता. मी अजूनच चिडून पैसे त्याच्या हातात कोंबले.

आता एक सांगते. त्या दिवशी तुझी चूक होती असं मी कधी म्हटलं नाही, पण माझीही नव्हती. तुझं नाव घ्यायलाच हवं होतं. पांडेजींना नेणंही हवं होतं. या दोन गोष्टी एकत्र का होऊ शकल्या नाहीत, हे आपण कधी नीट बोललोच नाही. पुढच्या वर्षी श्रीवास्तवजींनी तुला आधीच फोन केला, "दीदी, कुर्सियाँ किधर लगवाएँ?" आणि तू सकाळीच जाऊन सगळं हलवून ठेवलंस. माताजीची दीदी झालीस. पण मंचावर बसायला तू नाहीच म्हणालीस, आणि मीही परत आग्रह केला नाही.

त्या सत्कारानंतरच्या रविवारी तू म्हणालीस, "स्कूटर काढ, गढ्याला जायचं आहे." मंडपामागे पांडेजी लंगडताना दिसले म्हणून तू त्यांचे बूट काढले होतेस आणि त्यांचे पाय पाहिले होतेस. नखं वाढून, जाड होऊन, अंगठ्याच्या मांसात वळली होती. त्यांना वाकता येत नव्हतं. त्यांच्या बायकोला, भाभीजींना, नीट दिसत नव्हतं. एकदा कापताना रक्त निघालं तेव्हापासून त्या घाबरल्या होत्या. मुलं बाहेरगावी. आणि पायाची नखं कापून द्या असं शेजाऱ्याला कोण सांगणार? ते तसेच बूट चढवून सत्काराला आले होते.

तू टबात गरम पाणी मागितलंस, वेताच्या बुटक्या मोढ्यावर बसलीस आणि त्यांचे पाय पाण्यात ठेवलेस. भाभीजी धावत आल्या. "अरे दीदी, ये क्या कर रही हैं! आप बड़ी हैं, हमें पाप लगेगा।"

तू मान वर न करता म्हणालीस, "ये हवलदार हैं, मैं मेजर हूँ। हुक्म मेरा चलेगा।"

पांडेजी खुर्चीत एकदम ताठ बसले. "यस मैडम," म्हणाले. मग हसले. मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

तिथून तुझे रविवार सुरू झाले. पांडेजींनी दुसऱ्याचं नाव सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याचं. कोणाला डोळ्यात औषध घालायचं असायचं, कोणाच्या पाठीला जखम झालेली असायची, पण नखं जवळपास सगळ्यांचीच. मी शाळेतल्या मुलांना वीरांच्या गोष्टी सांगत होते, आणि वीरांना आपल्या पायापर्यंत हात पोहोचवता येत नाही, हे मला तोवर माहीतच नव्हतं. तुझे स्वतःचे गुडघे दुखायचे. मोढ्यावरून उठताना तू माझा खांदा धरायचीस आणि दर वेळी म्हणायचीस, "चलो, उठो मेजर."

पाय गरम पाण्यात गेले की ही माणसं बोलायला लागायची. मी ते पाहिलं आहे. वर्षानुवर्षं घरात कोणाला न सांगितलेलं, तुझ्या वाकलेल्या डोक्याकडे पाहत सांगायचे. मी एकदा मोबाईल काढला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. तू न बघताच म्हणालीस, "बंद कर."

त्यावरून आपलं जे भांडण सुरू झालं ते संपलंच नाही. मी म्हणायचे, ही माणसं एकेक करून जातील, कोणी नोंदवलंच नाही तर राहील काय? पुस्तकात फक्त सेनापती आणि तारखा? तू म्हणायचीस, "ते मला सांगून राहिले, तुला नाही."

"पण मी ते जपून ठेवीन."

"सांगणाऱ्याला मग झोप येत नाही, शुभा. तू तर घरी येऊन वरणभात खाशील."

मला ते लागलं. पण मी ऐकलं. मोबाईल पर्समध्ये ठेवायला लागले.

मग तो रविवार आला. पांडेजींच्या अंगणात ऊन होतं. तू त्यांचा एक पाय पुसत होतीस, आणि ते अचानक म्हणाले, "मैडम, बिटिया को रिकॉर्ड करने दीजिए। कोई तो रखे।" दुसरा पाय पुसलास, टब उचललास, मोरीकडे गेलीस. पाणी ओतल्याचा आवाज आला, पण तू परत आली नाहीस. दाराच्या चौकटीत आमच्याकडे पाठ करून उभी राहिलीस. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की तू इतके दिवस त्यांना नाही, स्वतःला वाचवून राहिली होतीस.

पांडेजींनी सांगितलं ते साधंच होतं. चढाईत त्यांना वाटेवर एक जखमी मुलगा सापडला. त्यांच्या पलटणीचा नव्हता. नाव विचारलं तर त्याला बोलता येत नव्हतं, नुसता यांचा शर्ट धरून ठेवला होता. त्यांनी आणि आणखी एकानं त्याला चिखलातून उचलून नेलं, जिथे जखमींची आगगाडी उभी होती तिथवर. डब्याच्या दारात एक नर्स होती. तिनं त्या मुलाची बोटं यांच्या शर्टावरून सोडवली आणि म्हणाली, "अब हमारे पास है। आप जाइए।" ते गेले. पलटण पुढे सरकली, लढाई संपली, बदली झाली, लग्न झालं, मुलं झाली. कोणाला विचारणार? नावच माहीत नव्हतं.

मग ते दाराकडे वळले. "मैडम, एक बात बताइए। जिनको हम आपके हाथ में देकर लौट जाते थे, वो बचते थे?"

तू त्या गाडीवर नव्हतीस. त्यांनाही ते माहीत होतं. पण विचारायला त्यांना आयुष्यात तूच भेटली होतीस.

भाभीजी हातात तांब्या घेऊन तशाच उभ्या होत्या. नवऱ्याची ही गोष्ट त्यांनीही पहिल्यांदाच ऐकली होती. मग तू वळलीस.

"बहुत बचते थे, हवलदार साहब। सब नहीं।"

त्यांनी काठी जवळ ओढली.

"पर अकेला कोई नहीं गया। मेरे वार्ड से अकेला कोई नहीं गया।"

पांडेजींनी हात वर केला, पुरे अशा अर्थानं. "बस मैडम। बस।" मग त्यांनी डोळे पुसले आणि भाभीजींना म्हणाले, "खड़ी क्यों हो? चाय चढ़ाओ।" मी मोबाईल केव्हा बंद केला, मला आठवत नाही.

घरी येताना एका सिग्नलला थांबलो तेव्हा मी मागे वळून विचारलं, "आत्या, ते खरं होतं?"

"काय?"

"कोणी एकटं गेलं नाही, ते."

तू समोर पाहत होतीस. "सिग्नल सुटला, चल," म्हणालीस.

मी पुन्हा विचारलं नाही. तुझा वॉर्ड किती मोठा होता, तुम्ही किती जणी होतात, किती मुलं एका वेळी तडफडत असतील, याचा हिशेब मी इतिहासाच्या बाईच्या डोक्यानं नंतर कितीदा मांडून पाहिला. तो जुळत नाही. आणि तरी तू खोटं बोलली असशील असंही मला वाटत नाही. कदाचित तू खरोखरच एकीकडून दुसरीकडे धावत राहिली असशील. कदाचित एखाद्याकडे पोहोचायला तुला उशीर झाला असेल, आणि त्याच्यासाठीच तू हे वाक्य म्हणालीस. तू गेलीस तेव्हा मी स्वयंपाकघरात होते, आत्या. तुझ्याशीच बोलत होते. याला एकटं जाणं म्हणायचं की नाही, हे विचारावं असं माणूस एकच होतं.

आता मी हे सगळं लिहून राहिले आहे. तुला आवडलं नसतं. पांडेजींना विचारून लिहिलं आहे, तुला विचारता आलं नाही. तुझं म्हणणं मला अजून पूर्ण पटलेलं नाही. नखं कापायला हवीत आणि लिहायलाही हवं. तू एक केलंस, मी दुसरं करून राहिले. यावर तू काय म्हणाली असतीस ते मला माहीत आहे, म्हणून सांगू नकोस.

काल भाभीजी आल्या होत्या. एकट्या, ई-रिक्षानं. पांडेजींना शेजारच्यांकडे सोपवून आल्या. इतक्या वर्षांत त्या त्यांना सोडून कुठे गेलेल्या मी पाहिलं नव्हतं. खुर्ची दिली तर नको म्हणाल्या, व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या. मी शेजारी बसले. मग त्यांनी विचारलं, "बेटी, सब लोग दीदी से अपनी बात कहते थे। दीदी अपनी किससे कहती थीं?"

मी विचार केला. बाबांना नाही, ते तर तुला घाबरायचे. मैत्रिणी सगळ्या दूर. मला नाही, मी नेहमी लढाईबद्दल विचारलं, आणि तू दर वेळी विषय बदललास. मी म्हटलं, "किसी से नहीं, भाभीजी।"

त्यांनी मान हलवली, जणू त्यांनाही तसंच वाटलं होतं. मग म्हणाल्या, "एक बात है। तुमको मालूम नहीं होगी।"

पांडेजींनी ती गोष्ट सांगितली, त्याच्या पुढच्या रविवारची बात. माझी स्कूटर पंक्चर झाली होती आणि मी ती कोपऱ्यावर नेली होती. नखं कापून झाल्यावर तू अंगणातल्या खाटेवर बसलीस आणि म्हणालीस, "भाभी, ज़रा लेट जाऊँ?" भाभीजी उशी आणायला आत गेल्या. त्या बाहेर येईपर्यंत तू झोपली होतीस. "ऐसी सोईं बेटी, कि मुँह खुल गया।" गल्लीत मुलं खेळत होती, पांडेजींनी खुर्चीतूनच काठी दाखवून त्यांना पिटाळलं. भाभीजी उशाशी बसून पदरानं माशा वारत राहिल्या.

आणि मी परत आले तेव्हा त्याच मला गल्लीत आडव्या आल्या होत्या. ते मला आठवतं, आत्या. त्यांनी मला दाराबाहेरच धरून ठेवलं होतं. शाळा कशी आहे, मुलं ऐकतात का, भाजी काय भावानं मिळते. मला उशीर होत होता, मी मनात चरफडत होते की आजच या बाईला इतक्या गप्पा का सुचल्या. मग तू बाहेर आलीस. तुझ्या एका गालावर सुतळीचे वळ उठले होते. मी विचारलं, "हे काय?" तू गालावरून हात फिरवलास आणि स्कूटरवर बसलीस.

"पूरा घंटा भर सोईं," भाभीजी म्हणाल्या. "हमने किसी को बोलने नहीं दिया।"